जुन्या लॅपटॉपवर शूटर गेम चालेल का? आधी कुठला गेम ते सांग

सुट्ट्या लागल्या की हा प्रश्न येतोच. कधी भाच्याकडून, कधी ऑफिसातल्या कुणाच्या तरी पोराकडून, की घरात जुना लॅपटॉप पडून आहे, त्याच्यावर ऑनलाइन शूटिंगवाले गेम चालतील का, आणि मी कॉम्प्युटरचं काम करतो म्हणजे मला यातलं सगळं माहीत असणारच असा घरच्यांचा ठाम समज आहे. तर एकदाचं सगळं इथे लिहून टाकतो, पुढच्या वेळी फक्त लिंक पाठवायची.

उत्तर आधीच देतो. चालतात. पण "चालतं" म्हणजे काय, इथे सगळं अडतं. यूट्यूबवर बघाल तर ४ जीबी रॅमच्या डबड्यावर गेम १०० एफपीएसने, म्हणजे सेकंदाला १०० चित्रं दाखवत, पळताना दाखवतात, आणि तो व्हिडिओ खोटा असतोच असं नाही, फक्त तो प्रॅक्टिस रेंजमध्ये एकट्याने भिंतीकडे तोंड करून काढलेला असतो. खऱ्या मॅचमध्ये पाच जण एकदम बॉम्ब ठेवायच्या जागेवर घुसतात, दोन धुराचे स्मोक पडतात, कुणीतरी आपली खास मोठी पॉवर वापरतं, नेमकी तेव्हाच स्क्रीन अर्धा सेकंद गोठते आणि परत हलते तेव्हा आपण मेलेलो असतो. म्हणून सरासरी एफपीएस किती हे विचारूच नका, सगळ्यात वाईट क्षणी किती उरतात ते विचारा. ३० एफपीएसला एक चित्र ३३ मिलिसेकंद टिकतं, ६० ला साधारण १७, हा फरक एक वेळ अंगवळणी पडतो, पण ५० वरून अचानक ८ वर आपटलं की हाताचा आणि स्क्रीनचा काही संबंधच राहत नाही. स्थिर ४५ मिळत असतील तर ते ९० आणि २० मध्ये लोंबकळण्यापेक्षा कधीही बरं.

आता जुना म्हणजे किती जुना. विचारणाऱ्याचा लॅपटॉप बहुतेक वेळा एकाच जातीचा निघतो. ताईच्या घरी आहे तोही तसाच, २०१७ च्या सुमाराचा, आय-फाइव्ह ७२००यू प्रोसेसर, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, इंटेलचं आतलंच एचडी ६२०, ४ जीबीची एकच रॅम पट्टी, १ टीबीची फिरणारी हार्ड डिस्क, १३६६ बाय ७६८ ची स्क्रीन. त्या काळात दुकानदार "आय-फाइव्ह आहे, दहा वर्षं बघायला नको" म्हणून हेच गळ्यात मारायचे. पण तो शेवटचा "यू" कुणी समजावून सांगायचं नाही. यू म्हणजे कमी विजेवर चालणारी चिप, १५ वॅटची, दोनच कोअर, आणि त्या १५ वॅटमध्ये प्रोसेसर पण भागवायचा आणि ग्राफिक्स पण. एका नळावर दोन बिऱ्हाडं असावीत तसं आहे ते, एकाने तोटी पूर्ण सोडली की दुसऱ्याकडे करंगळीएवढी धार. गेममध्ये ग्राफिक्सवर ताण आला की प्रोसेसरचा वेग खाली येतो, आणि शूटर गेमला बाकीच्या नऊ खेळाडूंचा हिशोब ठेवायला प्रोसेसर तर लागतोच.

दुसरी वाटणी रॅमची. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते मेन रॅममधूनच घेतं. तुम्ही म्हणता ४ जीबी आहे, त्यातला थोडा ग्राफिक्सने घेतला, दोनेक जीबी विंडोजनेच खाल्ला, मागे क्रोम उघडं आहे, डिस्कॉर्ड चालू आहे, गेमला उरलं काय? मग विंडोज हार्ड डिस्कवर रॅमचं काम ढकलतं आणि ती डिस्क कुरकुरत बसते. ते मध्येमध्ये गोठणं असतं ना, बऱ्याचदा ते ग्राफिक्समुळे नसतंच, ते हे असतं.

त्यामुळे जुन्या लॅपटॉपवर पैसे खर्च करायचेच असतील तर माझं मत पक्कं आहे, पहिली रॅमची दुसरी पट्टी. आणि ८ जीबीची एकच मोठी पट्टी नाही, शक्यतो दोन सारख्या. कारण डीडीआर४ २१३३ ची एक पट्टी सेकंदाला साधारण १७ जीबी डेटा हलवू शकते, दोन असल्या की डबल, ३४, आणि आतल्या ग्राफिक्सची खरी उपासमार याच ठिकाणी होत असते. प्रोसेसर तोच, गेम तोच, नुसती दुसरी पट्टी टाकली की एफपीएस चांगलेच चढतात, हे मी आतल्या ग्राफिक्सच्या लॅपटॉपवर परत परत बघितलंय. हल्ली रॅमचे भाव चढलेत हे खरं, पण जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या पट्ट्या रिपेअरवाल्यांकडे मिळतात, मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडला एक चक्कर मारा, गावात असाल तर बसस्टँडजवळच्या लॅपटॉपवाल्याला विचारा. फक्त आधी मागचं झाकण उघडून दुसरा स्लॉट आहे का ते बघून घ्या, कारण पातळ लॅपटॉपात रॅम बोर्डलाच चिकटवलेली असते, तिथे विषयच संपला. आणि डीडीआर३ आहे, डीडीआर३एल आहे की डीडीआर४, हे पण बघा, या पट्ट्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत, फार तर एल वाली साध्या डीडीआर३ च्या जागी चालते.

दुसरा खर्च एसएसडीचा, म्हणजे आत काही न फिरणाऱ्या, चिपवाल्या वेगवान डिस्कचा. याने एफपीएस वाढत नाहीत, हे आधीच सांगतो कारण लोक एसएसडी टाकून येतात आणि म्हणतात "काहीच फरक नाही रे." फरक पडतो तो लोडिंगला. हार्ड डिस्कवर मॅच लोड होईपर्यंत बाकीचे चार जण बंदुका घेऊन गेटवर उभे असतात आणि आपण अजून मॅपचं चित्रच बघत बसलेलो, वर टीममधलं कुणीतरी माईकवर शिव्या घालतंय. शिवाय पहिल्यांदा एखादी गोष्ट स्क्रीनवर आली की जो झटका बसतो तो बराच कमी होतो. जुन्या लॅपटॉपात डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर ती काढून तिथे कॅडी, म्हणजे डिस्क बसवायचा साचा, बसवायची आणि जुनी हार्ड डिस्क त्यात टाकायची, मेन जागेवर एसएसडी. आता डीव्हीडी कोण बघतंय.

तिसरी गोष्ट जवळजवळ फुकट आहे आणि तीच कुणी करत नाही. साफसफाई. मी नागपूरचा, इथे मे महिन्यात बाहेर ४५ असतं, कूलर बंद असेल तर खोलीत ३८-४० सहज, आणि अशा हवेत सात-आठ वर्षं न उघडलेला लॅपटॉप गेम खेळणार म्हणजे त्याने काय करावं? आत फॅनच्या जाळीवर धुळीचा नमदा बसलेला असतो, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट, म्हणजे उष्णता बाहेर न्यायला लावलेला लेप, वाळून खपली झालेली असते. या चिपा १०० अंशाला पोचल्या की स्वतःला वाचवायला वेग कमी करतात, ३.१ गिगाहर्ट्झवरची चिप दीडवर येऊन बसते, आणि मुलं म्हणतात सर्व्हर खराब आहे. पहिल्या दोन राउंडात मस्त आणि पाचव्या राउंडपासून रखडायला लागलं, अशी तक्रार असेल तर तो गेमचा दोष नाही, ती उष्णता आहे. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये सीपीयूचा स्पीड बघा, गेम चालू असताना तो बेस स्पीडच्या खाली गेला असेल तर समजायचं. चांगल्या माणसाकडून उघडून, साफ करून, नवी पेस्ट लावून घ्या. लॅपटॉप गादीवर ठेवू नका, मागून दोन पुस्तकं लावून उचला. आणि विदर्भातल्या लोकांसाठी खास, लॅपटॉप वॉटर कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, गार वाटतं पण ती ओली हवा आहे.

याच ओघात बॅटरीचं पण सांगतो कारण हे गंमतीचं नाही. जुन्या लॅपटॉपची बॅटरी फुगते. टचपॅड एका बाजूने वर उचललेला दिसला, कीबोर्ड मध्ये फुगीर वाटला, झाकण नीट बसेना झालं, तर गेम राहू द्या, आधी लॅपटॉप बंद करून ती बॅटरी बदलून घ्या, घरी टोचून-दाबून बघायचं नाही. बाकी नॉर्मल बॅटरी असेल तरी खेळताना चार्जर लावलेलाच हवा, बॅटरीवर लॅपटॉप मुद्दाम हळू चालतो. काही मॉडेल तर बॅटरी काढून नुसत्या चार्जरवर चालवली तरी वेग बांधून ठेवतात.

एवढं झालं की मग गेमचं बोलू.

व्हॅलोरंट. निम्म्या लोकांना हाच खेळायचा असतो आणि नशीब म्हणजे जुन्या लॅपटॉपला सगळ्यात जास्त सांभाळून घेणारा पण हाच आहे. जून २०२० ला आला तेव्हा ३० एफपीएससाठी जे कमीत कमी सांगितलं होतं त्यात कोअर टू ड्युओ ई८४०० आणि इंटेल एचडी ४००० होतं. ई८४०० हा २००८ चा प्रोसेसर! बारा वर्षं जुन्या प्रोसेसरवर नवा गेम चालवायचा हे बनवणाऱ्या कंपनीने ठरवूनच केलं होतं, आणि त्यात दानधर्म काही नाही, गेम फुकट आहे, कमाई बंदुकांच्या स्किन, म्हणजे नवनवीन रंगरूपं, विकून आहे, मग जितक्या जास्त घरांतल्या जुन्या मशिनवर तो चालेल तितकं गिऱ्हाईक. म्हणून त्यांनी अनरियल या गेम बनवायच्या इंजिनचा, मोबाईलसाठीचा चित्र काढणारा हलका भाग (रेंडरर) पायाला धरून गेम बनवला, मॅपवरचा बहुतेक उजेड-सावल्या आधीच रंगवून ठेवल्या, म्हणजे खेळताना त्यांचा हिशोब करावा लागत नाही. काही लोक त्याला कार्टून म्हणून नावं ठेवतात, ठेवू देत, त्या सपाट भिंतींमुळेच ताईच्या लॅपटॉपवर समोरचा माणूस दिसतो. २०२५ मध्ये गेम अनरियल ५ वर गेला तेव्हा मला जरा धास्ती होती की आता जुन्यांना बाहेर काढतात की काय, पण चालतोय.

एचडी ६२० वर एका पट्टीने साधारण ५०-६० च्या घरात मिळतात आणि धुमश्चक्री झाली की ३० च्या खाली जातात, दोन पट्ट्यांवर ७०-८० पर्यंत आणि मुख्य म्हणजे खालचा आकडा सावरतो. सेटिंगमध्ये मटेरियल, टेक्स्चर, डिटेल, यूआय सगळं लो, व्ही-सिंक बंद, अँटी-अलायझिंग बंद, ब्लूम, डिस्टॉर्शन, विन्येट, शॅडो सगळं बंद. व्हिडिओ सेटिंगमध्येच स्टॅट्सचा भाग आहे, तिथे एफपीएस, नेटवर्कचा राउंड ट्रिप (सर्व्हरला जाऊन परत यायला लागणारा वेळ, ज्याला पिंग म्हणतात) आणि पॅकेट लॉस (वाटेत हरवलेला डेटा) दाखवायला लावा, म्हणजे पुढच्या वेळी अडकलं की दोष लॅपटॉपचा की वायफायचा हे तिथल्या तिथे कळेल, निम्मी भांडणं मिटतात.

आणि एफपीएसला कॅप, म्हणजे वरची मर्यादा, लावा. हे ऐकून भाचा म्हणाला होता, "मामा, तू उलटंच सांगतोयस, सगळे तर अनलिमिटेड ठेवा म्हणतात." सगळ्यांकडे टॉवरवाला पीसी आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर असतो रे बाबा. लॅपटॉपची स्क्रीन ६० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ६० चित्रंच दाखवणारी, ६० च्या वरचे एफपीएस हाताला थोडे जाणवतात, नाही असं नाही, पण त्यासाठी १५ वॅटची चिप तापवून पाचव्या राउंडला तोंडघशी पडण्यापेक्षा ६० ला बांधून शेवटपर्यंत ६० मिळालेले बरे.

रिझोल्यूशनचा हिशोब पण याच जागी करून टाकू. फुल एचडी म्हणजे स्क्रीनवर सुमारे २०.७ लाख ठिपके, १३६६ बाय ७६८ म्हणजे साडेदहा लाख, १२८० बाय ७२० म्हणजे ९.२ लाख. ग्राफिक्सला प्रत्येक ठिपका रंगवायचा असतो. ज्यांच्या लॅपटॉपची स्क्रीन फुल एचडी आहे ते मोठ्या ऐटीत त्याच रिझोल्यूशनवर गेम लावतात आणि मग रडतात, त्यांनी ७२० वर आणलं की काम निम्म्याहून कमी होतं. थोडं धूसर दिसेल. काउंटर-स्ट्राइकचे प्रोफेशनल लोक सुद्धा हजारो डॉलरच्या मशिनवर १२८० बाय ९६० ताणून खेळतात, तेव्हा आपण लाजायचं कारण नाही.

काउंटर-स्ट्राइकवरून आठवलं, इथे मात्र माझं उत्तर नाही असंच आहे. सीएस गो होता तोपर्यंत ठीक होतं, २०१२ चा गेम, जुन्या इंजिनवर, जरा लाडीगोडी केली की आतल्या ग्राफिक्सवर पण चालायचा, आपल्याकडे कॉलेजच्या हॉस्टेलांत किती लॅपटॉपवर तो चालला असेल. २७ सप्टेंबर २०२३ ला सीएस २ आला तो त्याच्याच जागेवर, म्हणजे जुना गेम अपडेट होऊन नवाच झाला, डायरेक्टएक्स ९ चा, म्हणजे जुन्या ग्राफिक्सला लागणाऱ्या विंडोजच्या जुन्या व्यवस्थेचा, सपोर्ट गेला, मॅक गेला. कागदावर कमीत कमी काय लागतं ते बघाल तर फसाल, आय-फाइव्ह ७५० लिहिलंय, तो तर २००९ चा आहे, ८ जीबी रॅम, १ जीबीचं कार्ड, ८५ जीबी जागा. वाचून वाटतं आपल्यात आहेच की. पण नवीन स्मोक नुसतं चित्र नाही, तो खोलीत पसरतो, गोळी गेली की फाटतो, ग्रेनेड पडला की उडतो, आणि हे सगळं तुमच्या एचडी ६२० ला करायचंय. ७२० वर सगळं लो करून, एफएसआर (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून दाखवणारी सेटिंग) लावून ३० च्या आसपास रेटत नेता येतो, स्मोकच्या जवळ गेलात की संपलं. रँक मॅच खेळायच्या लायकीचं ते नाही. टीममधल्या बाकी चौघांवर पण अन्याय आहे तो.

त्यापेक्षा मागे जा. १.६! आत्ताच्या मुलांना हा म्हातारा गेम वाटतो पण २००३ चा काउंटर-स्ट्राइक १.६ आजही स्टीमवर मिळतो, त्याला ५०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि ९६ एमबी रॅम लागायची, तुमच्या लॅपटॉपला तो चालू आहे हे कळणार पण नाही. आमच्या पिढीने सायबर कॅफेत तासाला वीस-पंचवीस रुपये देऊन डस्ट टू या मॅपवर जे केलंय ते आता घरी वायफायवर होतं, इंटरनेट नसेल तर एका राउटरवर लॅन करून पण होतं. भाच्याने आणि त्याच्या मित्रांनी एकदा बसून खेळला, पहिली दहा मिनिटं ग्राफिक्सला हसले, मग कुणीच उठेना. टीम फोर्ट्रेस २ पण याच रांगेतला, २००७ चा, २०११ पासून फुकट, दोन कोअरवर बऱ्यापैकी पळतो आणि लिनक्सवर पण चालतो. आणि अगदीच काही नाही, लॅपटॉप २०१२-१३ चा आहे, इन्स्टॉल करायला जागा नाही, तर ब्राउझरमध्ये चालणारा क्रंकर आहे, कॉलेजच्या लॅबमध्ये सर पाठमोरे झाले की जो उघडतो तोच.

फोर्टनाइटमध्ये परफॉर्मन्स मोड आहे, जुन्या मशिनसाठीच काढलेला, ज्यांना आवडतो त्यांनी बघावं, त्यात खेळता खेळता भिंती उभ्या कराव्या लागतात, मला ते बांधकाम जमत नाही. पीसीवरचं पब्जी, वॉरझोन वगैरे विसरा, पब्जीला कमीत कमीच जीटीएक्स ९६० लागतं.

पब्जीचं एक दुःख मात्र आहे. २०१९ मध्ये पब्जी पीसी लाइट नावाची गोष्ट आपल्याकडे आली होती, खास अशाच लॅपटॉपसाठी, ४ जीबी रॅम आणि एचडी ४००० वर चालायची, फुकट होती, आणि खरंच चालायची. २९ एप्रिल २०२१ ला बंद केली. तिची जागा आजवर कशाने भरली नाही. म्हणून मग मुलं दुसरा मार्ग काढतात, एम्युलेटर टाकून बीजीएमआय, म्हणजे पब्जी मोबाईलची भारतातली आवृत्ती, लॅपटॉपवर. हे करू नका. एक तर जुन्या लॅपटॉपवर ते अजून जड जातं, कारण लॅपटॉपला विंडोजच्या आत एक अख्खा अँड्रॉइड उभा करून मग त्यात गेम चालवायचा असतो, ४ जीबी रॅमवर तर नकोच, आणि दुसरं म्हणजे बीजीएमआयला एम्युलेटर चालत नाही, अकाउंट बॅन होतं. ज्या पोरांनी त्यात बापाच्या यूपीआयने यूसी (गेममधले पैसे) भरलेत त्यांनी तर नक्कीच विचार करावा. बीजीएमआय खेळायचाच असेल तर हातातला मोबाईल त्या लॅपटॉपपेक्षा चांगला आहे, खरंच.

आता नेट. इथे जुन्या लॅपटॉपची एक खोड आहे जी कुणाच्या लक्षात येत नाही. त्या काळातल्या बऱ्याच स्वस्त लॅपटॉपांमध्ये वायफाय कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झचं असतं. घरी ३०० एमबीपीएसचं फायबर घेतलंय, राउटर ड्युअल बँड आहे, पण लॅपटॉपला ५ वालं नाव दिसतच नाही, आणि २.४ वर बिल्डिंगमधल्या सगळ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह सगळे एकत्र ओरडत असतात. पिंग ३० दाखवतो, मध्येच ४०० जातो, परत ३०. त्याला स्पीडवाला प्लॅन घेऊन काही होत नाही, शूटर गेमला डेटा लागतोच किती, अपडेट सोडले तर खेळताना फार थोडा, त्याला पाहिजे असतो तो वेळेवर. व्हॅलोरंटचे आणि सीएसचे सर्व्हर मुंबईत आहेत, महाराष्ट्रात बसून पिंगची रड असायलाच नको, असेल तर ती बहुतेक तुमच्या घरातच आहे. उपाय म्हणजे केबल. जुन्या लॅपटॉपला लॅनचं भोक असतं, हा त्याचा नव्या पातळ लॅपटॉपवर एक सरळ सरळ विजय आहे, दोनशे-तीनशे रुपयांची केबल राउटरपासून ओढा आणि बघा. ताई म्हणाली घरभर वायर नको, मग भाचाच राउटरशेजारी जाऊन बसतो, हॉलमध्ये, सगळ्यांसमोर. ताईला हे जास्त आवडलं.

इथपर्यंत सगळं लॅपटॉपच्या ताकदीचं होतं. पण आता नवीन अडचण ताकदीची नाहीच, आणि मला वाटतं येत्या काळात जुने लॅपटॉप गेममधून बाद होतील ते हिच्यामुळे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी लागते, ७२००यू सातवी, म्हणजे एका पिढीने हुकलं. बरेच जण जुगाड करून, तपासणी चुकवून ११ टाकतात, यूट्यूबवर पाच मिनिटांचं काम आहे, आणि ११ चालतं पण. मग व्हॅलोरंट उघडतात आणि समोर एररचा नंबर, व्हॅन ९००१ किंवा ९००३. कारण व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड, म्हणजे चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर, ते विंडोज सुरू होतानाच आत खोल जाऊन बसतं, आणि विंडोज ११ दिसलं की टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) दोन्ही चालू पाहिजेत म्हणतं. सहाव्या-सातव्या पिढीच्या लॅपटॉपांत बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, पीटीटी नावाचं ऑप्शन बहुतेक असतं, ते चालू केलं की टीपीएमचं काम भागतं, आणि सिक्युअर बूटसाठी डिस्कची मांडणी जीपीटी या नव्या पद्धतीची करून यूईएफआय या नव्या बायोस पद्धतीने लॅपटॉप सुरू करावा लागतो. चौथ्या-पाचव्या पिढीला मात्र बऱ्याचदा हा रस्ताच नाही. म्हणजे गंमत बघा, विंडोज १० वर जो गेम चालत होता तोच विंडोज नवं केल्यावर बंद. भाच्याचा सध्या १० वरच ठेवलाय. पण ताईची नेट बँकिंग आधी त्याच लॅपटॉपवर व्हायची, ती मी मोबाईलवर हलवायला लावली, सिक्युरिटी अपडेट बंद पडलेल्या विंडोजवर एकीकडे बँक आणि दुसरीकडे पोरगा कुठून कुठून "फ्री स्किन" डाऊनलोड करतोय, हे मला झोप लागू देईना. लिनक्स टाकायचा विचार असेल तर व्हॅलोरंट गेला समजा, व्हॅनगार्ड तिथे चालतच नाही.

काही लोक असंही विचारतात की घरात नाहीये, पण सेकंड हँड घ्यायचाय, स्वस्तात. आयटी कंपन्यांचे परत आलेले ऑफिसचे लॅपटॉप रिफर्बिश्ड म्हणून विकतात, त्यात बघा. माझी अट एकच, आठवी पिढी किंवा पुढचं. ८२५०यू, ८३५०यू असं काही. कारण सातव्यापर्यंत यू वाल्या आय-फाइव्हला दोन कोअर होते, आठव्यात एकदम चार झाले, हा इंटेलने त्या वर्षांत केलेला सगळ्यात मोठा बदल होता, आणि वर विंडोज ११ अधिकृतपणे चालतं. थिंकपॅड टी४८०, लॅटिट्यूड ७४९० यांच्यात रॅमचे दोन स्लॉट असतात, लॅन पोर्ट असतो. रायझन ५ ३५००यू मिळाला तर अजून चांगलं, त्याचं व्हेगा ग्राफिक्स इंटेलच्या त्या काळच्या आतल्या ग्राफिक्सपेक्षा बरंच पुढे आहे. आणि ज्यांच्याकडे जीटीएक्स १०५० वाला जुना गेमिंग लॅपटॉप आहे त्यांनी हे सगळं वाचायची गरजच नव्हती, फक्त विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये जाऊन गेमसाठी हाय परफॉर्मन्स निवडलंय ना ते बघा, कारण कधीकधी विंडोज शहाणपणा करून गेम आतल्याच ग्राफिक्सवर चालवत बसतं आणि माणूस वर्षभर लॅपटॉपला शिव्या देतो.

आणि माऊस घ्या रे. टचपॅडवर शूटर खेळणारी पोरं मी बघितलीत, म्हणून सांगतो. चारशे-पाचशेचा वायरवाला चालेल, खाली जुनं कॅलेंडर उलटं ठेवलं तरी चालेल, आणि विंडोजच्या माऊस सेटिंगमधलं "एनहान्स पॉइंटर प्रिसिजन" काढून टाका, ते चालू असेल आणि गेममध्ये रॉ इनपुट (विंडोजला वगळून थेट माऊसची हालचाल वाचणं) नसेल तर हात हलवायच्या वेगाप्रमाणे निशाणा कमी-जास्त सरकतो. भाच्याचं हेडशॉटचं प्रमाण रॅमपेक्षा या टिकमार्कने जास्त सुधारलं असं तो स्वतःच म्हणतो, रॅमचे पैसे मी दिले होते तरी.